नऊशे बिया आणि खेळाचा उबग

खेळ म्हणजे श्रमपरिहार, अशी आपली जुनी समजूत आहे आणि ती रास्तही आहे. परंतु अलीकडे अनेक घरांतून एक निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. नोकरीवरून परतलेला तरुण जेवण उरकून पडद्यासमोर बसतो, व्हिडिओ गेम सुरू करतो, दोन तास खेळतो आणि उठताना बसला होता त्याहून अधिक थकलेला दिसतो. ‘अरे, कंटाळा आला आहे तर खेळतोस कशाला?’ असे आईने विचारले, तर उत्तर येते, ‘आता इतका झाला आहे, पुरा करायला हवा.’ या उत्तरात ‘आवडते म्हणून’ हे शब्द नाहीत. ते कोठे गेले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे खेळ कोणत्या जातीचे, ते ध्यानात घेतले पाहिजे. बुद्धिबळाचा डाव मात होताच संपतो. पत्त्यांचा डाव हात संपले की संपतो. ‘ओपन वर्ल्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांत मात्र डाव नसतो, मुलूख असतो. डोंगर, नद्या, गावे, अरण्ये यांनी भरलेला एक काल्पनिक प्रदेश खेळणाऱ्याच्या स्वाधीन केला जातो आणि त्याने वाटेल त्या दिशेने, वाटेल त्या क्रमाने हिंडावे अशी मुभा असते. ही कल्पना नवी नाही. १९८४ साली इंग्लंडात निघालेल्या ‘एलीट’ या खेळात ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह होते, आणि कोठे जावे हे खेळणाऱ्यानेच ठरवावयाचे होते. आज या जातीचे खेळ पन्नास-साठ तासांचे असणे ही सामान्य गोष्ट झाली आहे. सर्व काही करू पाहणाऱ्यास शंभर तासही पुरत नाहीत.

उदाहरणादाखल जपानच्या निन्टेन्डो या संस्थेचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ घेऊ. तो मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लिंक नावाचा योद्धा शंभर वर्षांच्या निद्रेतून जागा होतो. हायरूलचे राज्य उद्ध्वस्त झालेले आहे. मधोमध असलेल्या राजवाड्याला गॅनन नामक अरिष्टाने वेढले आहे आणि राजकन्या झेल्डा त्याला तेथे एकाकी थोपवून धरीत आहे. कथा इतकीच. या प्रदेशात १२० लहान मंदिरवजा कोडी आहेत, आणि ‘कोरोक’ नावाची झाडपाल्याची चिमुकली भुते ९०० ठिकाणी लपलेली आहेत. एखाद्या शिखरावरचा एकटाच धोंडा उचलावा, दगडांच्या वर्तुळातली रिकामी जागा भरावी, पाण्यातील कमळपानांच्या कड्यात उडी घ्यावी, की हसत हसत एक कोरोक प्रकट होतो आणि एक बी हाती ठेवतो. पहिली बी सापडते तेव्हा आनंद खरा असतो. कोणी सांगितले नव्हते, आपण सहज धोंडा उचलला आणि त्याखाली कोणीतरी होते! लहानपणी परसात भटकताना जो आनंद होतो तोच हा, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता थोडा हिशेब करू. एक बी शोधण्यास सरासरी ५ मिनिटे लागतात असे धरले, तर ९०० बियांना ४,५०० मिनिटे, म्हणजे ७५ तास होतात. रोज एक तास दिला तरी अडीच महिने. हे सारे कशासाठी? बिया हेस्तू नावाच्या थोराड कोरोकास दिल्या की शस्त्रे, धनुष्ये आणि ढाली ठेवण्याची जागा वाढते. परंतु ही वाढ पुरती करण्यास केवळ ४४१ बिया लागतात. उरलेल्या ४५९ बियांचा व्यवहारात काहीच उपयोग नाही. मग ज्याने चिकाटीने सर्वच्या सर्व ९०० गोळा केल्या, त्याला काय मिळते? एक सोनेरी वस्तू मिळते. तिचा आकार विष्ठेचा आहे, हे या पत्रिकेत लिहिताना संकोच वाटतो. परंतु वस्तुस्थिती तीच आहे. ती मिळाल्यावर हेस्तू आपल्याला हवा तेव्हा नाच करून दाखवतो, एवढेच.

ही थट्टा क्रूर नाही, असे आमचे मत आहे. ज्या दिशेने जाल तिकडे काहीतरी सापडावे म्हणून इतक्या बिया पेरलेल्या आहेत. सगळ्याच वेचून काढाव्यात म्हणून नव्हे. आंब्याला मोहोर येतो तो प्रत्येक फुलाचे फळ व्हावे म्हणून येत नाही. परंतु खेळणाऱ्याच्या हाती नकाशा आला, नकाशावर खुणा आल्या आणि खुणांची बेरीज होऊ लागली की या मुलखाची वही होते. वहीत जे लिहिले नाही ते ‘बाकी’ दिसू लागते. २००५ साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या यंत्रावर प्रत्येक कामगिरीसाठी गुण देण्याची पद्धत आली, २००८ साली सोनीच्या प्लेस्टेशनवर ‘ट्रॉफी’ आली, आणि ही वही खेळाच्या बाहेर, चारचौघांना दिसेल अशी उघडी राहू लागली.

बक्षिसाने गोडी वाढते, असा आपला समज असतो. तो नेहमीच खरा ठरत नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड येथील शिशुशाळेत एक प्रयोग केला. ज्यांना रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच हौस होती अशी मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढाल तर प्रशस्तिपत्र मिळेल; काहींना न सांगता नंतर दिले; काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी पेने पुन्हा वर्गात ठेवली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढीत बसली. चित्रकला तीच, पेने तीच. परंतु ‘मी चित्र काढतो’ याचे ‘मी प्रशस्तिपत्रासाठी काम करतो’ असे झाले होते. न सांगता बक्षीस मिळालेल्या मुलांच्या हौसेला मात्र धक्का लागला नाही. धोंड्याखाली अवचित मिळालेली पहिली बी आणि यादी हातात धरून शोधलेली सहाशेवी बी यांत जो फरक आहे तो हाच.

आता ‘बर्नआउट’ या शब्दाकडे वळू, कारण तरुण मंडळी याच शब्दाने आपली अवस्था सांगतात. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला, तो मोफत दवाखान्यांतून रात्रंदिवस राबणाऱ्या सेवकांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची तीन लक्षणे दिली आहेत: शक्तिपात, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. तेथे असेही स्पष्ट म्हटले आहे की हा शब्द केवळ नोकरी-व्यवसायापुरता आहे. आयुष्याच्या इतर क्षेत्रांस तो लावू नये. काटेकोरपणे पाहता खेळणाऱ्याने तो वापरणे चूक ठरते. परंतु आम्हांस ही चूक बोलकी वाटते. जो मनुष्य खेळाविषयी बोलताना नोकरीचा शब्द उचलतो, त्याच्यापुरता खेळ नोकरीत जमा झालेला असतो. वरील तिन्ही लक्षणे तेथे ओळीने सापडतात: हात थकतात, गोष्टीविषयी तुच्छता वाटू लागते, आणि कितीही केले तरी काही केल्यासारखे वाटत नाही.

यातील दुसरे लक्षण सर्वांत नुकसानीचे आहे. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा ‘द विचर ३’ हा खेळ मे २०१५ मध्ये निघाला. त्याचा नायक गेराल्ट हा आंजेय सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांतून घेतलेला आहे. त्यात व्हेलेन नावाच्या युद्धाने उजाड झालेल्या प्रांतात एक मद्यपी सरदार भेटतो. त्याची पत्नी व मुलगी नाहीशा झाल्या आहेत आणि त्यांना शोधून द्यावे म्हणून तो गेराल्टला गळ घालतो. हळूहळू उलगडते ते असे, की तो पत्नीला मारहाण करीत असे. तिचा गर्भपात झाला होता. आणि संस्कारावाचून पुरलेले ते अर्भक आता पिशाच होऊन भटकत आहे. त्या बापाला त्या जिवाला हातात उचलून, त्याला नाव देऊन, उंबऱ्याखाली पुरावे लागते, अशीही वाट खेळात ठेवलेली आहे. अपराधी माणसाची कीव यावी की संताप, हे ठरवणे कठीण जाते. खेळाच्या माध्यमातून इतके गंभीर काही सांगता येते, हे आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना ठाऊकही नसेल.

उबगलेला खेळाडू या ठिकाणी पोहोचतो तेव्हा काय करतो? सरदार बोलत असताना बटण दाबून संभाषण पुढे ढकलतो. त्याला फक्त पुढील खूण नकाशावर हवी असते. ज्यासाठी खेळ घेतला तेच त्याने टाकून दिले आणि ज्याला काही मोल नव्हते ते जपून ठेवले. याच खेळात स्केलिगे बेटांच्या भोवतीच्या समुद्रात नकाशाभर प्रश्नचिन्हे आहेत. होडीने तेथे जावे, तर बहुतेक ठिकाणी चोरट्या व्यापाऱ्यांनी बुडवून ठेवलेला माल. दहा पाहिले की अकराव्यात काय असणार हे कळते. तरी मंडळी एकामागून एक सर्व पिंपे उपसतात. डिसेंबर २०२२ मध्ये या खेळाची सुधारलेली आवृत्ती आली, तेव्हा खुद्द निर्मात्यांनीच नकाशाची अशी एक मांडणी दिली की ज्यात ही प्रश्नचिन्हे दिसतच नाहीत. मुलूख तेवढाच राहिला, वही मिटली.

‘पण साठ तास घातले आहेत, ते फुकट जातील’ हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. १९८५ साली हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी ओहायो विद्यापीठातील नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना तिकीट पूर्ण किमतीला विकले, काहींना सवलतीने. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत देणारे अधिक नाटकांना गेले. नाटके सर्वांना तीच होती; ओढून नेत होता तो गेलेला पैसा. साठ तासांचेही तसेच आहे. ते आनंदात गेले असतील तर वसूल झाले आहेत, आणि रडतखडत गेले असतील तर आणखी चाळीस घालून ते परत येणार नाहीत.

आपल्याकडे व्रताला उद्यापन असते. सोळा सोमवारांचे व्रतही ठरल्यावेळी पुरे होते. यथासांग सांगता होते आणि माणूस मोकळा होतो. या खेळांना अशी सांगता निर्मात्यांकडून क्वचितच मिळते. एक यादी संपते तोच नवा प्रदेश विकावयास येतो. तेव्हा उद्यापन केव्हा करायचे हे खेळणाऱ्यालाच ठरवावे लागते, आणि ते शंभर टक्क्यांवरच व्हावे असा कोठलाही विधी नाही.

येथे वडीलधाऱ्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. अशा मुलाला किंवा मुलीला ‘व्यसन लागले’ असे सरसकट म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून अमलात आहे, ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार वेगळा नोंदलेला आहे: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिकाधिक अग्रक्रम मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, तेही सामान्यतः निदान १२ महिने. झोप, अभ्यास, नोकरी, जेवणखाण बिघडले असेल तर डॉक्टरांकडे जावे. तो विषय या लेखाचा नव्हे. उबगलेल्याची गोष्ट बहुधा उलट असते. त्याला खेळण्याची इच्छाच उरलेली नसते, केवळ सोडवत नसते. त्याला रागावले तर तो हट्टाने आणखी चार रात्री बसतो. ‘त्या सरदाराचे पुढे काय झाले?’ असे विचारून पाहावे. सांगता आले तर गोडी शिल्लक आहे. ‘लक्ष नव्हते’ असे म्हणाला तर त्याचे त्यालाच काही उमगेल.

उपाय फारसे गूढ नाहीत. यंत्र तीन आठवडे बंद ठेवावे. जतन केलेला खेळ कोठे जात नाही. पुन्हा उघडताना नकाशावरील खुणा झाकता येत असतील तर झाकाव्यात आणि डोळ्यांना जे दिसेल तिकडे चालावे. तरीही पाय ओढले, तर मुख्य कथेचा शेवट गाठावा किंवा खेळ कपाटात ठेवून द्यावा. दोन्ही मार्ग सन्मानाचेच आहेत.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये तर हे फारच सोपे करून ठेवले आहे. राजवाडा दूरवर दिसतच असतो, आणि आरंभीचे पठार उतरले की त्या क्षणापासून थेट तेथे जाण्याची मोकळीक असते. एकही बी जवळ नसली तरी कोणी अडवीत नाही. नकाशावर शेकडेवारीचा आकडा दिसू लागतो तोदेखील गॅननचा पराभव झाल्यानंतर. तोवर हा खेळ आपल्याजवळ टक्क्यांचा हिशेब मागतच नाही. आणि अखेरचे युद्ध जिंकून, झेल्डा मुक्त होऊन कथा संपली, की खेळ पुन्हा उघडणाऱ्याला तो युद्धापूर्वीच्या क्षणी आणून सोडतो. सभोवार हायरूलचा मुलूख तसाच पसरलेला असतो, आणि न उचललेले धोंडे आपापल्या शिखरांवर तसेच असतात.