कलम धरेल ते कशाच्या जोरावर?

ग्वाल्हेरच्या दाल बाजारातल्या एका व्यापारी वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांच्या दुकानावर पोती उतरवणाऱ्या पल्लेदाराच्या पायावरून मालाच्या गाडीचं चाक गेलं. हाड वाचलं, पण घोट्याच्या वरची कातडी सोलून निघाली. जखम आता साफ झाली आहे आणि मांडीची कातडी काढून तिथं लावायची आहे. कुणीतरी सांगितलं की रुग्णाच्याच रक्तातून काढलेलं ‘पीआरपी’ घातलं की कलम हमखास धरतं. हा खर्च आपण उचलावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

मालकानं हा प्रश्न विचारावा, याचंच मला आधी बरं वाटलं. उत्तर थोडक्यात असं, की पीआरपीला हरकत नाही, पण ‘हमखास’ हा शब्द डोक्यातून काढा. पैसे मोजकेच असतील तर ते दुसरीकडे जास्त कामाला येतील. कुठे, ते पुढे येईलच.

मांडीवरून काढलेला कातडीचा पातळ थर जखमेवर ठेवला जातो तेव्हा त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस तो खालच्या जखमेतून पाझरणारा द्रव शोषून तगतो. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास खालच्या केशवाहिन्या त्याच्यातल्या वाहिन्यांशी जुळू लागतात आणि चार-पाच दिवसांत रक्त खेळायला लागतं. म्हणूनच पहिलं ड्रेसिंग बहुधा पाचव्या दिवशी उघडतात. या काळात कातडी आणि जखम यांच्यामध्ये रक्ताची गाठ साचली, पू झाला किंवा कातडी जागची सरकली, तर कलम गेलं. फुकट जाणाऱ्या कलमांची मुख्य कारणं हीच तीन.

ही अडचण पुण्याजवळच्या एका जुन्या कारागिरानं वेगळ्या वाटेनं टाळली होती. टिपूच्या सैन्यानं कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचं नाक कापलं होतं. कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवल्याची हकीकत 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातले सर्जन चकित झाले. त्यात खुबी अशी, की कातडी पूर्ण तोडलीच नव्हती. दोन भुवयांमधला दुवा शाबूत ठेवला होता आणि तो साधारण पंचविसाव्या दिवशी कापला. तोवर कपाळाचंच रक्त नाकाला पोसत होतं. आपल्या पल्लेदाराच्या मांडीची कातडी मात्र पूर्णपणे तुटून येणार, म्हणून तिचे पहिले पाच दिवस नाजूक.

रक्तातून काढलेले उपचार याच पाच दिवसांसाठी आहेत. कल्पना नवी नाही. रक्त गोठताना फायब्रिनचं चिकट जाळं तयार होतं, त्याचा डिंकासारखा वापर करून कातडी चिकटवण्याचे प्रयोग 1944 सालीच झाले होते. आज तयार मिळणारा फायब्रिन ग्लू दात्यांच्या रक्तद्रवापासून बनवतात, विषाणू मारण्याची प्रक्रिया करूनच तो बाजारात येतो आणि महागही पडतो.

पीआरपी मात्र रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातून निघतं. थोडं रक्त सायट्रेट असलेल्या नळीत घेतात, म्हणजे ते गोठत नाही. यंत्रात फिरवलं की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर द्रव राहतो. तो पुन्हा फिरवून पातळ भाग काढून टाकला की उरतो प्लेटलेट्सनी दाट झालेला थोडासा द्रव. आपल्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात, या द्रवात त्या दहा लाखांच्या आसपास असाव्यात अशी अपेक्षा असते. प्लेटलेट्समध्ये जखम भरायला मदत करणारी, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारी प्रथिनं असतात. कॅल्शियम मिसळून हा द्रव जखमेवर सोडला की तो जेलसारखा होतो, कातडी जागेवर धरून ठेवतो आणि खाली रक्त साचायला कमी वाव राहतो. कॅल्शियम मिसळल्यावर प्रथिनांचा मोठा भाग पहिल्या तासाभरातच सुटून जातो. त्यामुळे सकाळी कॅल्शियम मिसळून संध्याकाळी लावलं, असं चालत नाही.

मग हे खरंच चालतं का? भारतात 2015 साली प्रसिद्ध झालेल्या 200 रुग्णांच्या एका अभ्यासात पीआरपी लावलेल्या गटात कातडी लगेच चिकटली, रक्त साचणं कमी झालं, ड्रेसिंगही कमी लागली. उलट नेदरलँड्समधल्या भाजलेल्या रुग्णांवर 2016 साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर चाचणीत, एकाच रुग्णाच्या एका भागावर पीआरपी लावून आणि दुसऱ्यावर न लावता तुलना केली, तर कलम धरण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. माझं मत असं, की उंचसखल जागेवर, सांध्याजवळ, जिथं टाके आणि पट्टीनं कातडी घट्ट बसत नाही, तिथं हा उपचार उपयोगी पडू शकतो. सपाट, लालबुंद, स्वच्छ जखमेवर नीट लावलेलं कलम एरवीही धरतं.

‘स्वतःचंच रक्त, मग धोका कसला?’ हा युक्तिवाद मला फार वेळा ऐकू येतो. धोका रक्तात नसतो, सुईत आणि नळीत असतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर पीआरपी टोचून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या रोग नियंत्रण केंद्रानं 2024 साली जाहीर केलं. तेव्हा तुमच्यासमोर नवं किट फोडलं जातंय का, नळीवर नाव लिहिलं जातंय का आणि द्रव ऑपरेशनच्या वेळीच ताजा बनतोय का, हे विचारा. विचारल्यानं कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही. प्लेटलेट्स मुळातच कमी असतील, अंगात जंतुसंसर्ग भिनला असेल, तर हा उपचार टाळतात. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, आपल्या मनानं बंद करू नका. आणि वर्षानुवर्षं न भरणारी, कडा उंचावलेली जखम असेल तर आधी तुकडा काढून कॅन्सरची तपासणी, मग बाकीचं.

आता न टाळता येणारं. साखर वाढलेली असेल तर ती आधी ताब्यात आणा. हिमोग्लोबिन तपासा. जेवणात डाळ, अंडी, दूध, जे चालत असेल ते भरपूर. डाळीच्या बाजारात राबणाऱ्याच्या ताटात डाळच कमी असते, हे मी पाहत आलो आहे. बिडी बंद, गुटखाही बंद, कारण निकोटिन त्याच केशवाहिन्या आकसून टाकतं ज्यांच्यावर कलम जगणार आहे. हळद, राख, टूथपेस्ट जखमेवर नको. ऑपरेशननंतर पाय उशीवर उंच ठेवायचा. डॉक्टर सांगेपर्यंत तो खाटेवरून लोंबकळू द्यायचा नाही, कारण खाली साचलेलं रक्त नवी कातडी उचलून टाकतं. मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत भरते. तिथली आग कलमाच्या जागेपेक्षाही जास्त जाणवते, तेव्हा घाबरू नका. ड्रेसिंगमधून घाण वास आला, ताप चढला, दुखणं एकाएकी वाढलं तर पाचव्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाचकांना जयारोग्य रुग्णालय काही लांब नाही. खासगीत पैसे भरण्याआधी एकदा तिथल्या सर्जनना जखम दाखवून मत घ्या.

पत्र लिहिणाऱ्या शेठजींना एकच विनंती. तुमचा पल्लेदार रोजच्या कमाईवर जगतो. घरात पैसा थांबला की तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच पाठीवर पोतं घेऊन उभा राहील आणि धरलेलं कलम फाटेल. सर्जननी जखम पाहून पीआरपी हवंच म्हटलं तर जरूर करा. नाही म्हटलं, तर तेच पैसे, तो पुन्हा ओझं उचलू शकेपर्यंत, त्याची मजुरी म्हणून घरी पोचवा.