विश्रांती आणि यंत्रमाग कामगार

निजामपुरा काय किंवा भिवंडी काय, आपल्या शहराचे पोट यंत्रमागावर चालते. बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी! माग थांबला की मजुरी थांबली. अशा कामगाराला 'विश्रांती घ्या' असे सांगणे सोपे आहे. म्हणून आधी विश्रांती का लागते, ते पाहू.

मागाच्या शेडमधील आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. पाळी सुटल्यावर काही वेळ कानांना दडे बसल्यासारखे वाटते. शांततेत काही तास गेले की कान पुष्कळसे सुधारतात. पण ते सुधारण्याआधीच रोज दुसरी पाळी सुरू झाली, तर बहिरेपणा कायमचा होतो. रक्तदाब वाढतो, झोप उडते. रातपाळीनंतर पत्र्याखाली दिवसा घेतलेली झोप ही रात्रीच्या झोपेची भरपाई नव्हे.

सुट्टी कोणी दयेने दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले. साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्यांच्या अर्जात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास मागितला होता. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री असताना १९४६ साली आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. बारा तासांच्या सहा पाळ्या म्हणजे ७२ तास! विद्यार्थ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

सुट्टी टीव्हीसमोर घालवली तर कान आणि डोळे कामावरच राहतात. झाडांचा परिणाम मोजता येतो. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली अमेरिकेतील एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी लागली.

कामवारीच्या काठी बसा असे आम्ही लिहिले असते, पण तिचे पाणी सर्वांना ठाऊक आहे! आपल्याच तालुक्यात लोनाडची बौद्ध लेणी आहेत. सुट्टीच्या सकाळी डबा बांधून घरच्यांसह तेथे जावे. पोरांना पळू द्यावे, आणि रातपाळी करून आलेल्याला झाडाखाली झोप लागली, तर त्याला उठवू नये.