आरव्हीसाठी ३० अँपिअर की ५० अँपिअर?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. यंदा आरव्ही घ्यायचा विचार आहे. ३० अँपिअरची घ्यावी की ५० ची? सर्ज प्रोटेक्टर खरंच लागतो का?

उत्तर : एकच एसी असेल तर ३० अँपिअर पुरतात. १२० व्होल्टला ३,६०० वॅट मिळतात; फक्त एसी, मायक्रोवेव्ह आणि गीझर एकदम लावू नका. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन लाइन येतात, म्हणजे एकूण १२,००० वॅट. दोन एसी असतील तर तीच घ्या.

संरक्षणात मात्र काटकसर नको. साधा सर्ज प्रोटेक्टर विजेचा क्षणिक झटका तेवढा झेलतो. कॅम्पग्राउंडवरचा नेहमीचा धोका वेगळाच असतो. भर उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी सुरू झाले, की व्होल्टेज घसरतं आणि कॉम्प्रेसर तापून जळू शकतो. ५० अँपिअरच्या जोडणीत न्यूट्रल सुटला, तर काही उपकरणांवर १२० पेक्षा कितीतरी जास्त व्होल्ट जातात. फ्रिज, टीव्ही, चार्जर एका क्षणात जातील. त्यामुळे व्होल्टेज बिघडताच वीज तोडणारी ईएमएस यंत्रणाच घ्या.

कॅम्पग्राउंडवर वीज देणाऱ्या खांबावरचा ब्रेकर बंद ठेवून आधी ईएमएस जोडा, मग ब्रेकर चालू करून तपासणी होऊ द्या. सगळं ठीक असेल तर ब्रेकर पुन्हा बंद करून गाडीची केबल लावा. अर्थिंगचा दोष दिसला, तर तिथे वीज घेऊच नका. दुसरी जागा मागा.