कृत्रिम प्रकाशातील वनौषधी : मंडूकपर्णीच्या निमित्ताने

आर्द्र द्रव्याची उपलब्धता हा शहरात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांपुढील नित्याचा प्रश्न आहे. चरकसंहितेत चार मेध्य रसायने सांगताना मंडूकपर्णीचा स्वरस निर्दिष्ट केला आहे, चूर्ण नव्हे. शार्ङ्गधरसंहितेने स्वरसासाठी अविकृत व तत्काळ आणलेले द्रव्य घेण्यास सांगितले असून गुडूची, कुटज, वासा, शतावरी, अश्वगंधा आदी द्रव्ये सदैव आर्द्रच योजावीत, असा निर्देश केला आहे. शुष्क द्रव्य पाण्यात भिजवून स्वरस करण्याचा मार्ग तेथे आहे. परंतु तो आर्द्र द्रव्य न मिळाल्यास घ्यावयाचा पर्याय होय.

मंडूकपर्णीच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. बाजारात ‘ब्राह्मी’ या एकाच नावाखाली मंडूकपर्णी (सेन्टेला एशियाटिका, मराठीत कारिवणा) आणि जलब्राह्मी (बकोपा मोनिएरी) या दोन्ही वनस्पती येतात. शिवाय ही वेल ओलसर जागी सहज पसरत असल्याने ती स्वच्छ ओढ्याकाठची की सांडपाण्यालगतची, हे जुडीकडे पाहून कळत नाही. म्हणून चिकित्सालयातच दिव्याच्या प्रकाशात ती वाढविता येईल काय, आणि अशी वनस्पती औषध म्हणून ग्राह्य मानावी काय, याचा विचार येथे केला आहे.

शास्त्रीय भूमिका

चरकाच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात प्रशस्त औषधींच्या भूमीचे वर्णन आहे. जांगल किंवा साधारण देश, यथाकाल शीत, आतप, वारा व पाणी यांचा लाभ, आणि अधिक बलवान वृक्षांनी झाकोळलेली नसणे ही त्यातील प्रमुख लक्षणे होत. शाखा व कोवळी पाने वर्षा व वसंत ऋतूंत घ्यावीत, असेही तेथे सांगितले आहे. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या ३६ व्या अध्यायात भूमिपरीक्षा सांगून सौम्य औषधी सौम्य ऋतूंत व आग्नेय औषधी आग्नेय ऋतूंत घ्याव्यात, असा विचार मांडला आहे.

यावरून दिसते की आतप हा अनेक घटकांपैकी एक आहे. दिवा त्या एकाच घटकाची, तीही अंशतः, पूर्ती करतो. ऋतू, वारा आणि भूमी यांची उणीव तो भरून काढत नाही. हे ध्यानी ठेवूनच त्याचा उपयोग करावयास हवा.

प्रकाशाचे स्वरूप व मोजमाप

वनस्पती अन्ननिर्मितीसाठी मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरते. हरितद्रव्य त्यातील निळा व तांबडा भाग विशेषत्वाने शोषून घेते. विजेच्या दिव्याखाली वनस्पती वाढविण्याचे प्रयोग नवे नाहीत. इंग्लंडमध्ये विल्यम सीमेन्स यांनी १८८० मध्ये, तर अमेरिकेतील कॉर्नेल येथे लिबर्टी हाइड बेली यांनी १८९१ मध्ये विद्युत्-चापदिव्याच्या प्रकाशातील वनस्पतींच्या वाढीची निरीक्षणे प्रसिद्ध केली. आपल्याकडेही ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत औषधी वनस्पतींची रोपे प्रारंभी कृत्रिम प्रकाशातच वाढतात. तेथे सामान्यतः १६ तास उजेड व ८ तास अंधार ठेवला जातो.

आपल्या डोळ्यांना खोली उजळ भासते, परंतु वनस्पतीच्या दृष्टीने ती जवळजवळ अंधारीच असते. भर दुपारचे ऊन सुमारे १,००,००० लक्स असते, तर दिवे लावलेल्या खोलीत बहुधा १०० ते ३०० लक्सच मिळतात. वनस्पतीसाठी योग्य एकक म्हणजे दर चौरस मीटरवर दर सेकंदास पडणारे प्रकाशकण. ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. पांढऱ्या एल.ई.डी. दिव्याखाली लक्समापकावरील आकड्यास ७० ने भागल्यास हे मान स्थूलमानाने मिळते.

जुन्या तंतूच्या बल्बमधील बहुतांश ऊर्जा उष्णतेत जाते. तो या कामी निरुपयोगी आहे. नळीदिवे चालतात, मात्र त्यांत पारा असल्याने फुटलेल्या नळीचे तुकडे कुंडीत वा औषधाच्या जागेत पडू देऊ नयेत. आज साधा पांढरा एल.ई.डी. दिवा सर्वांत सोयीचा आहे. जांभळट प्रकाशाचे दिवेही मिळतात. परंतु त्या प्रकाशात पानांचा खरा वर्ण दिसत नाही, त्यामुळे रोग व कीड वेळेवर लक्षात येत नाही.

मंडूकपर्णीची मांडणी

ही वनस्पती अर्धसावलीत व ओलाव्यात वाढणारी, जमिनीवर पसरणारी व उंचीने लहान असल्याने फळीवरील ट्रेसाठी अनुकूल आहे. आरंभी पुढील मान ठेवावे व रोपांची स्थिती पाहून त्यात बदल करावा.

१) पानांच्या पातळीवर १०० ते १५० मायक्रोमोल, म्हणजे पांढऱ्या एल.ई.डी.खाली सुमारे ७,००० ते १०,५०० लक्स प्रकाश असावा. ट्रेच्या मध्यावर व चारही कोपऱ्यांवर मोजणी करावी. कडेला प्रकाश बराच कमी पडतो.

२) रोज १२ ते १४ तास प्रकाश द्यावा व त्यासाठी टायमर लावावा. अंधाराचा काळ अवश्य ठेवावा. अहोरात्र दिवा जाळल्याने लाभ होत नाही.

३) माती भुसभुशीत व पाण्याचा निचरा होणारी असावी. ओलावा कायम राहावा, पण पाणी साचू नये. लहान पंख्याने हवा खेळती ठेवावी, अन्यथा बुरशी येते.

४) देठ अकारण लांबले व पाने फिकी पडली, तर प्रकाश अपुरा आहे असे समजावे. पाने पांढुरकी होऊन कडा करपल्या, तर दिवा वर घ्यावा.

लागवडीचे मूळ रोप मात्र खात्रीचे हवे. मंडूकपर्णीचे पान वाटोळे वा मूत्रपिंडाकृती, दंतुर कडेचे व लांब देठाचे असते आणि सरपटणाऱ्या खोडास पेरापेरांवर मुळे फुटतात. जलब्राह्मीची पाने लहान, मांसल, बिनदेठाची व समोरासमोर असतात. एकदा ओळख निश्चित झाली की पुढील सर्व रोपे त्याच वेलीपासून करता येतात. कृत्रिम प्रकाशाच्या लागवडीचा वैद्यास होणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

वाढ आणि वीर्य

हिरवेगार पान म्हणजे गुणसंपन्न पान नव्हे. वनस्पतीतील अनेक कार्यकारी घटक ऊन, ताण व कीड यांना तोंड देताना निर्माण होतात. सब्जाच्या (ऑसिमम बॅसिलिकम) रोपांना यू.व्ही.-बी किरणांची जोड दिल्यास पानांतील सुगंधी तेलाचे प्रमाण वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे. हे किरण सूर्यप्रकाशात असतात. खिडकीची साधी काच ते अडविते व पांढऱ्या एल.ई.डी. दिव्यात ते नसतात. म्हणून तुळशीसारख्या सुगंधी द्रव्याची रोपेच तेवढी दिव्याखाली करावीत व पुढे क्रमाक्रमाने उन्हाची सवय लावून ती उघड्यावर न्यावीत. डोळे व त्वचा यांस अपाय होत असल्याने चिकित्सालयात यू.व्ही. दिवे लावण्याचा मोह टाळावा.

अश्वगंधा, शतावरी, सर्पगंधा यांची मुळे, गुग्गुळाचा निर्यास किंवा कुटजाची साल यांसाठी जमीन, ऋतू व दीर्घ काळ लागतो. ही द्रव्ये फळीवर तयार होतील अशी अपेक्षा धरू नये. तेथे दिव्याचा उपयोग फार तर रोपवाटिकेपुरता आहे.

परीक्षा, नोंद व खर्च

प्रत्येक तोडणीच्या वेळी पानाचा वर्ण, गंध व रस पाहावा. मंडूकपर्णीचा तिक्त रस क्षीण वाटल्यास ती तोडणी औषधार्थ घेऊ नये. औषधनिर्मात्यांनी याखेरीज वाळविलेल्या नमुन्याची भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियातील मानकांनुसार भस्मप्रमाण, जलविद्राव्य व मद्यविद्राव्य सत्त्व यांची तपासणी करून उघड्यावरील नमुन्याशी तुलना करावी. नोंदवहीत मूळ रोपाचा स्रोत, प्रकाशाचे मान, तास, तोडणीची तारीख व ऋतू लिहावा. दिव्याखाली बारमाही पान मिळते, म्हणूनच ऋतूची नोंद अधिक आवश्यक ठरते.

एक चौरस मीटर ट्रेसाठी १०० वॅटचा चांगला एल.ई.डी. दिवा धरल्यास १४ तासांत १.४ युनिट, म्हणजे महिन्यास ४२ युनिट वीज लागते. युनिटास १० रुपये धरल्यास हा खर्च ४२० रुपये होतो. एका रुग्णास रोज १० मि.लि. स्वरस द्यावयाचा तरी महिन्यास ३०० मि.लि. लागतो. तेव्हा एकाच ट्रेवर अनेक रुग्णांची भिस्त ठेवता येणार नाही आणि कारखान्याच्या गरजेस ही पद्धत परवडणार नाही. जेथे गच्ची किंवा ऊन येणारी खिडकी आहे, तेथे प्रथम तिचाच उपयोग करावा व पावसाळी अभ्राच्छादित दिवसांत दिव्याची जोड द्यावी.

सारांश

ओळख पटलेले, स्वच्छ व आर्द्र पान थोड्या प्रमाणात हाताशी असावे, एवढ्यापुरता कृत्रिम प्रकाश वैद्यास उपकारक आहे. मंडूकपर्णीसारखी छायासहिष्णु पर्णद्रव्ये त्यास योग्य, सुगंधी द्रव्ये अंशतः योग्य, तर मूळ, साल व निर्यास यांस तो अयोग्य होय. दिव्याखाली वाढलेले द्रव्य रुग्णास देण्यापूर्वी त्याची परीक्षा बाजारातील द्रव्याइतक्याच काटेकोरपणे करावी. आपल्या हाताने लावले एवढ्यावरून ते प्रशस्त ठरत नाही.