काळ्या मातीवरचा चौथरा

आपल्या छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, बीबी का मकबरा तुम्ही पाहिला असेल. सतराव्या शतकातली ती इमारत उंच चौथऱ्यावर उभी आहे. उर्दूत आपण त्याला चबूतरा म्हणतो. आज मी तुम्हांला एका लहानशा चौथऱ्याची हकिकत सांगतो. तो आमच्या शाळेच्या बागेत आहे. त्यावर कुदळी, फावडी, झाऱ्या ठेवण्याची पत्र्याची शेड आहे.

हा चौथरा आम्हांला दोनदा बांधावा लागला. पहिल्या वेळी मी घाई केली. गवत काढले, जमीन सपाट केली आणि तिच्यावरच काँक्रीट ओतून घेतले. पावसाळा संपतो न संपतो तोच मधोमध भेग पडली. एक कोपरा उचलला गेला आणि दार चौकटीत अडकू लागले. सिमेंट वाईट निघाले, असे मला वाटले. गवंडीचाचा म्हणाले, "सर, दोष सिमेंटचा नाही, मातीचा आहे."

मराठवाड्यातील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतांत पडलेल्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. अशी हलणारी जमीन काँक्रीटला स्वस्थ बसू देत नाही. ही माती बेसॉल्ट नावाच्या काळ्या दगडाची झीज होऊन तयार झाली. वेरूळची लेणी याच दगडात कोरली आहेत. गंमत पहा, आमच्या काँक्रीटची खडीही याच दगडाची होती!

दुसऱ्या वेळी आम्ही आधी खोदले. चौथरा 8 फूट लांब व 6 फूट रुंद. खड्डा त्याहून चारही बाजूंनी अर्धा फूट जास्त. दीड फुटावर पिवळसर मुरूम लागला, तेव्हा चाचांनी पहार खाली ठेवली. मग खड्ड्यात बाहेरून आणलेला मुरूम भरला. तो एकदम भरला नाही. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी आणि मग धुम्मस. हे काम कंटाळवाणे असते, पण खरे काम तेच.

फळ्या ठोकल्यावर नववीच्या मुलांनी कर्ण मोजला. तो बरोबर 10 फूट भरला, म्हणजे कोपरे काटकोनात होते. पायथागोरसचा सिद्धान्त असा बागेत उपयोगी पडला.

काँक्रीटची जाडी 4 इंच ठेवली. प्रमाण सिमेंट 1, वाळू 2, खडी 4. मोजायला घमेले एकच. सिमेंटच्या 3 गोण्या लागल्या. एका गोणीला पाणी सुमारे 25 लिटर. पाणी जास्त घातले की कालवणे सोपे जाते, पण काँक्रीट कमजोर होते. ओल्या सिमेंटने कातडी सोलते, म्हणून मुलांना फक्त पाणी आणायला लावले. वरचा भाग थोडा उतरता ठेवला, म्हणजे पाणी साचत नाही.

काँक्रीट वाळून घट्ट होते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. म्हणून आम्ही त्यावर ओली पोती अंथरली आणि 10 दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारले. सुट्टीच्या दिवशी माझी पाळी असे.

त्याला आता दोन पावसाळे झाले. भेग नाही. दार मात्र अजून करकरते. त्याला तेल घालायचे राहिले आहे.