घास अडतो कोठे?

घास गिळणे ही क्रिया इतकी अंगवळणी पडलेली असते की, तीत काही शिकण्याजोगे असेल असे कोणास वाटत नाही. विद्यार्थ्यांनी गळ्याच्या उंचवट्यावर हलकेच बोट ठेवून आवंढा गिळून पाहावा. तो उंचवटा झटकन वर जाऊन खाली येतो. त्या जेमतेम एका सेकंदात श्वास थांबतो, स्वरतंतू मिटतात, श्वासमार्गावरील पडदा झुकतो आणि अन्ननलिकेच्या मुखाशी एरवी आवळून राहिलेला स्नायू सैल पडतो. काचीगुडा स्टेशनातून एक गाडी सुटते तेव्हा तिच्या आड येणाऱ्या मार्गाचा सिग्नल लाल असतो ना? घशात अन्नाचा व हवेचा मार्ग असाच एकमेकांस छेदतो. सिग्नल चुकला की ठसका! (आमच्या कोंकणीत घशाला ‘ताळो’ म्हणतात, मराठीतील टाळू त्याच्या पुष्कळ वर.)

पक्षाघात, कंपवात किंवा स्नायूंचे काही विकार यांत ही शिस्त बिघडते. मग वैद्य काय करतो? यंत्राकडे वळण्यापूर्वी तो प्रश्न विचारतो. गिळू लागताच ठसका लागतो, पाणी नाकातून येते, तर दोष बहुधा घशात. घास उतरल्यावर काही क्षणांनी छातीमागे अडतो, तर अन्ननलिकेत. प्रथम भाकरी अडू लागली व पुढे पेजही अडू लागली, तर मार्ग अरुंद होत असल्याची शंका येते, आणि तंबाखू खाणाऱ्याच्या बाबतीत ती तातडीने तपासावी लागते. आरंभापासून पाणीही त्रास देते, तेव्हा स्नायू वा मज्जातंतूंकडे लक्ष जाते. जेवणाच्या आरंभी ठीक, पण शेवटी जबडा व घसा थकतो, हे मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकाराचे लक्षण असू शकते.

१८९५ साली रंटगेन यांनी क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी हार्वर्डचे विद्यार्थी वॉल्टर कॅनन यांनी त्यांच्या साह्याने प्राण्यांच्या गळ्यातून घास उतरताना पाहिला. आज रुग्णास बेरियम मिसळलेले अन्न देऊन त्याचे हलते क्ष-किरण चित्र घेतात. नाकातून बारीक दुर्बीण घालूनही घसा पाहता येतो, आणि दाबमापक नळीने स्नायूंचा जोर मोजता येतो.

ही साधने हवीत, कारण काहींच्या श्वासनलिकेत अन्न जाते तरी ठसका मुळीच लागत नाही. अशा माणसास वारंवार ताप व न्यूमोनिया होतो, आणि घरची मंडळी हवेला दोष देतात. आजोबा हल्ली पंक्तीत बसत नाहीत, अर्धी भाकरी टाकून उठतात. ‘वय झाले’ म्हणून आपण गप्प बसतो. पाणी पाजून अडलेला घास लोटण्याचा घरगुती उपाय तर आम्हांस मुळीच पसंत नाही. घसा दुबळा असेल तर ते पाणी फुप्फुसात उतरते.

काचीगुड्याहून कोटीचे शासकीय कान-नाक-घसा रुग्णालय दूर नाही. तेथे जाण्यापूर्वी काय अडते, केव्हापासून, ठसका केव्हा लागतो, वजन किती घटले, आवाज ओलसर होतो का, हे आठवडाभर वहीत टिपावे. हे काम शाळकरी नातवंडासही जमण्याजोगे आहे.