चौदा कोअर की सहा?

प्रश्न : व्हिडिओ संपादनासाठी कॉम्प्युटर घ्यायचा आहे. झिऑन ई५-२६८० व्ही४ बसवलेलं जुनं वर्कस्टेशन स्वस्तात मिळतंय. नवा कोअर आय५-१२४०० घ्यावा का?

उत्तर : कोअरच्या आकड्यावर भुलू नका. २०१६ चा हा झिऑन १४ कोअरचा असला, तरी त्याचा कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ, २०२२ च्या आय५चा ४.४. शिवाय नव्या रचनेचा कोअर प्रत्येक ठोक्याला जास्त काम उरकतो. त्यामुळे सगळे कोअर राबले तरी दोघे साधारण बरोबरीत येतात आणि टाइमलाइनवर मागेपुढे जाताना आय५ स्पष्टपणे चपळ वाटतो. त्याच्यातल्या अंगभूत ग्राफिक्समधलं क्विक सिंक एच.२६४, एच.२६५ चित्रफिती झपाट्याने उलगडतं. झिऑनमध्ये ग्राफिक्सच नाही, वेगळं कार्ड लागेलच. विजेचं म्हणाल तर १२० वॅट विरुद्ध ६५, अर्थात पूर्ण ताणाखाली आय५ही ११७ पर्यंत जातो.

झिऑनची खरी ताकद वेगळीकडे आहे: मेमरीचे चार चॅनल, चुका दुरुस्त करणारी ईसीसी रॅम आणि ४० पीसीआय लेन. अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायची असती, तर मी तोच सुचवला असता. पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो नाही. तुमच्या कामासाठी आय५-१२४०० घ्या; मात्र नावापुढे ‘एफ’ असलेला नको, त्यात ग्राफिक्स नसतं.